फोटो दाखवताना, फोटोवर बोलताना

"कसा वाटला?" एवढंच विचारलंस तर "मस्त!" एवढंच उत्तर येणार, आणि त्याचा उपयोग शून्य. नेमकं विचार: चेहऱ्यावर उजेड कमी पडलाय का? डावीकडचा खांब खुपतोय का? सोबत शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती मोठं होतं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला होता) सांग. आणि एका वेळी एकच फोटो. वीस दाखवलेस तर निवडीचं काम तू दुसऱ्यावर ढकललंस.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना आधी तुझी नजर कुठे गेली ते सांग, मग कारण शोध. "धूसर आलाय" म्हणून भागत नाही. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हललाय. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) ५० मिमी लेन्स लावून, हातात धरून १/१५ सेकंदाच्या शटर स्पीडने काढला तर ही भीती असतेच, साधारण १/५० सेकंद तरी हवा. मागची भिंत स्पष्ट आणि डोळे धूसर, तर फोकस चुकला. फक्त पळणारं मूलच धूसर असेल तर शटर मंद पडलं, तिथे ट्रायपॉडही कामाचा नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे.

तृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवायचा, तेवढा प्रत्येकाच्या तोंडावर मारू नकोस. (मी सुरुवातीला तेच करायचो. आता आठवलं की लाज वाटते.)

तुझ्या फोटोवर कुणी बोललं तर लगेच खुलासे नकोत. "तिथे उभं राहायला जागाच नव्हती" हे फोटोत दिसत नाही. दोघा-तिघांनी एकाच कोपऱ्यावर बोट ठेवलं तर तो कोपरा क्रॉप करून, म्हणजे कापून बघ. मूळ फाइल मात्र जपून ठेव.