एकाच मीटरवर दोन कुटुंबं असतील तर रीडिंगवरून कोणाचं बिल किती हे कसं काढायचं?

चालू रीडिंगमधून मागचं वजा केलं की युनिट, हे तुम्हाला माहीत असणारच. खरं भांडण त्यापुढे असतं, म्हणून लिहितेय.

मी घरी ब्लाउज शिवते. बिल जास्त आलं की भाऊजी सगळ्यांदेखत म्हणायचे, "वहिनींची मशीन दिवसभर चालू असते, दुसरं काय!" सासूबाईही माना डोलवायच्या. शेवटी एका रविवारी सगळ्यांना जिन्याखाली मीटरपाशी बोलावलं. आमच्या मीटरवर एका युनिटला 3200 पल्स असं छापलंय, म्हणजे तो लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रीजसकट घरातलं सगळं बंद केलं आणि फक्त शिलाई मशीन चालवली, पायडल दाबून, न थांबता. दिवा मिनिटात पाचेक वेळा लुकलुकला. मग मशीन बंद करून भाऊजींच्या बाथरूममधला गिझर लावला. डोळ्यांनी मोजता येईना, पुतण्याने मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश चालवला तेव्हा शंभराच्या वर भरले. मिनिटाचा आकडा गुणिले 60, भागिले 3200, की तासाचे युनिट निघतात. मशीन तासाला जेमतेम 0.1, गिझर 2. माझी दहा तासांची शिलाई म्हणजे त्यांचा अर्धा तास गिझर. माझी इस्त्री हजार वॉटची, तीही तिथेच मोजून दाखवली, लपवायचं काय त्यात? तेव्हापासून मशीनचं नाव निघालेलं नाही.

तुमचं म्हणाल तर एका कुटुंबाच्या लाइनवर सब-मीटर, म्हणजे फक्त त्यांची वीज मोजणारं छोटं मीटर बसवा, दुसरा मार्ग नाही. मुख्य मीटरचं आणि त्याचं रीडिंग एकाच दिवशी घ्या. मुख्य मीटरच्या युनिटमधून सब-मीटरचे वजा केले की उरलेले दुसऱ्या कुटुंबाचे. बिलातला स्थिर आकार (वीज कितीही वापरा, दरमहा ठरलेला) निम्मा-निम्मा, बाकी वीज आकार, वहन आकार (वीज पोहोचवण्याचा), इंधन समायोजन (इंधनखर्चाच्या चढ-उताराचं), 16 टक्के वीज शुल्क हे सगळं युनिटच्या प्रमाणात. "तुमच्यामुळे स्लॅब (युनिटप्रमाणे दराचा टप्पा) वर गेला" हे कोणाचंही ऐकून घेऊ नका. एक तर महिन्याला 100 युनिटच्या वर गेलं म्हणून सगळे युनिट महाग होत नाहीत, फक्त वरचेच होतात. त्यांचा दर जवळपास दुप्पट पडतो हे खरं, पण 101 वा युनिट कोणी जाळला हे मीटरला कळत नाही. दोघांनी मिळून जाळला, दोघांनी मिळून भरायचा. कमाई घरात आणणाऱ्या बाईच्या मशीनवर तो ढकलायचा नाही.

हे महावितरणच्या घरगुती बिलाचं सांगितलं, दुसरीकडचे स्लॅब वेगळे असतात. पल्सचा आकडाही मीटरगणिक वेगळा, आपल्या मीटरवरचाच घ्या. बिल रीडिंग न घेता सरासरीचं आलं असेल किंवा त्यात मागची थकबाकी असेल तर त्या महिन्याची वाटणी रीडिंगशी जुळणार नाही, आधी ते दुरुस्त करून घ्या.