कांदळाचे पिकलेले पान म्हणजे झाडाने मीठ टाकून देण्याची सोय असते का?

खानापूरच्या शाळेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी आपण विचारले आहे की, खाडीकाठी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कांदळाच्या कोवळ्या, जून आणि पिकलेल्या पानांत कोणते रासायनिक बदल तपासावेत, आणि झाड नको असलेले मीठ पिकत्या पानात भरून ते गाळते हे खरे आहे का. दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. याच मुद्द्यावर बेळगावात माझा प्रबंध अडवला गेला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी पाने कारवारला काळी नदीच्या मुखाजवळच्या कांदळवनातली होती. परीक्षकांचे म्हणणे असे की, कोरड्या वजनाच्या प्रमाणात पिकलेल्या पानात क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, सर्वाधिक भरते, तेव्हा ते पान मिठासाठीच बळी दिलेले असते. आकडा बरोबर होता, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचा मोठा हिस्सा परत ओढून घेते, पोटॅशियम घटते, हरितद्रव्य मोडते आणि त्याखाली झाकलेला पिवळा रंग दिसू लागतो. कॅल्शियम मात्र एकदा पानात आले की सहसा माघारी जात नाही. पानातील कोरडा ऐवजच असा कमी झाल्यावर मागे उरलेले मीठ त्या वजनाच्या हिशेबात फुगलेले दिसणारच. शिवाय कांदळाचे पान जून होताना जाड आणि रसदार होते, म्हणजे मिठाबरोबर पाणीही वाढते, आणि पेशींना सोसावा लागतो तो त्या पाण्याचा खारटपणा. पाण्याच्या प्रमाणात मोजले तेव्हा माझ्या जून आणि पिकलेल्या पानांत फारसा फरक उरला नाही. ताजे वजन मी नदीकाठीच घेतले होते, कारण घाट चढून बेळगावला पोहोचेपर्यंत पाने कोमेजतात आणि पाण्याचा हिशेब कायमचा बुडतो. परीक्षकांनी ते ऐकूनही घेतले नाही.

तेव्हा मुलांना पान तोडताक्षणी वजन करायला लावा. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन, म्हणजे ते द्रावण थेंबाथेंबाने घालून केलेली मोजणी, पुरेसे आहे, पण टॅनिन या तुरट द्रव्यामुळे कांदळाचा अर्क तपकिरी होतो आणि विटकरी अंत्यबिंदू, म्हणजे मोजणी पूर्ण झाल्याची रंगाची खूण, ओळखणे अवघड जाते. निष्कर्ष कोरड्या वजनावर आणि पाण्यावर अशा दोन्ही रकान्यांत मांडा, आणि कोणी पहिल्याच रकान्यावर अडून बसले तर दुसरा रकाना त्यांच्यापुढे ठेवा.

गळणाऱ्या पानाबरोबर थोडे मीठ जातेच, हे मला मान्य आहे. तिवर या खाडीकाठच्याच दुसऱ्या झाडाची गोष्टही वेगळी आहे, कारण ते पानांवरील ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते. पावसाळ्यात नदीचे पाणी गोडे होते आणि आकडे बदलतात, म्हणून तिन्ही वयांची पाने एकाच झाडाची आणि एकाच दिवशी तोडलेली असावीत.