‘कीझलगूर’ या जर्मन शब्दाची फोड कशी करायची?

कीझलगूर म्हणजे डायटम या सूक्ष्म शैवालांच्या कवचांची पांढरट, हलकी माती. ‘कीझल’ म्हणजे गारगोटी. गारगोटी सिलिका या खनिजाची, आणि ही कवचंही सिलिकाचीच, त्यामुळे हा अर्धा भाग लगेच कळतो.

खरी मजा ‘गूर’मध्ये आहे! हा खाणकामगारांच्या बोलीतला शब्द, ‘गेरेन’ म्हणजे आंबणे या क्रियापदाच्या कुळातला. खडकातून पाण्याबरोबर झिरपून बाहेर येणाऱ्या मऊ, ओल्या गाळाला ते ‘गूर’ म्हणत. आंबून उतू आलेल्या पिठासारखा तो दिसत असावा. मला हे नाव फार नेमकं वाटतं.

वाळल्यावर मात्र ही माती बोटांत चुरली की नुसती भुकटी होते, आणि द्रव भरपूर शोषते. आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीन हा स्फोटक द्रव तिच्यातच जिरवून डायनामाइट बनवलं. त्याचं पेटंट १८६७चं.