पोकलेनची चेन (खालचा पट्टा) आणि रोलर (चेनवर भार पेलणारी छोटी चाकं) लवकर झिजतात. चालवताना काय सांभाळायचं?

लांब अंतर जायचं असेल तर स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक (ट्रॅव्हल मोटरची बाजू), मागे ठेवूनच चालवा आणि जागच्या जागी गर्रकन वळवणं बंद करा. स्प्रॉकेट मागे असलं की ओढ मुख्यतः खालच्या चेनवर येते, वरची ढिली राहते. उलटं चालवलं तर वरची चेनही आयडलरला (दुसऱ्या टोकाच्या बिनदात्याच्या चाकाला) वळसा घालून ताणाखाली येते आणि वाकणारा प्रत्येक पिन-बुश (कड्या जोडणारी पिन आणि तिच्यावरची नळी) भाराखाली घासला जातो. मी फिटर आहे. अशा मशीनची चेन उतरवली की बुश एकाच अंगाला खाल्लेला दिसतो. गंमत म्हणजे ऑपरेटरच्या लक्षातही येत नाही. केबिन 180 अंशांत फिरलेली असते, त्याचं तोंड पुढे, मशीन मात्र रिव्हर्समध्ये.

बाकीचं थोडक्यात:
- वळण तीन-चार टप्प्यांत घ्या, सारखं एकाच बाजूला नको.
- काम संपल्यावर चिखल ओला असतानाच काढा. वाळला की रोलर जाम होतो, चेन त्याच्यावरून घासत जाते आणि रोलर एका बाजूने सपाट होतो.

चेन घट्ट म्हणजे चांगली, हे मात्र खरं नाही. घट्ट चेन जास्त झिजते. चिकट मातीत तर स्प्रॉकेटमध्ये माती भरून ती आपोआप आणखी ताणली जाते, तिथे थोडी ढिली ठेवावी लागते. पण फार सोडलीत तर वळताना उतरेल, म्हणून झोळ (चेन किती लोंबते ते) मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे मोजूनच ठेवा.