नकार दिल्यावर काय होतं ते पाहा: नार्सिसिझमबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: धाकटी बहीण दिवसभर सेल्फी टाकते आणि लाइक्स मोजत बसते. ती नार्सिसिस्ट आहे का?

एवढ्यावरून नाही. नार्सिसिझम म्हणजे टोकाचं आत्मप्रेम, ज्यात दुसऱ्याला जागाच उरत नाही. मिरवायची हौस पुष्कळांना असते, विशीत जरा जास्तच. फोटो राहू द्या. मैत्रिणीला बक्षीस मिळालं की ती काय करते, तिला कुणी ‘नाही’ म्हटलं तर काय होतं, ते पाहा. हिरमुसली आणि दुसऱ्या दिवशी विसरली, तर काळजी नको. नकार देणाऱ्याला धडा शिकवल्याशिवाय चैन पडत नसेल आणि हे सगळ्यांशीच होत असेल, तर मात्र विचार करावा लागेल.

प्रश्न: मग ‘विकार’ कधी म्हणायचं?

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत हा व्यक्तिमत्त्व विकार १९८० साली पहिल्यांदा आला. तिथे आज ९ लक्षणं दिली आहेत: मोठेपणाच्या अवास्तव कल्पना, अफाट यशाची किंवा सत्तेची स्वप्नं, आपण खास असल्याचा समज, कौतुकाची न भागणारी भूक, खास वागणूक मिळालीच पाहिजे हा हट्ट, माणसं वापरून घेणं, दुसऱ्याच्या भावनांची दखल नसणं, हेवा आणि उद्धटपणा. यांतली किमान ५ हवीत. शिवाय हे वळण तारुण्याच्या सुरुवातीपासूनचं असावं आणि घर, काम, मैत्री सगळीकडे दिसावं.

इथेच लोक फसतात. बढतीनंतर दोन महिने चढलेला माणूस यात बसत नाही. आणि एरवी साधा असलेला माणूस आठवड्याभरात अचानक ‘मी जग बदलणार’ म्हणू लागला, झोप कमी होऊनही थकेना, तर उन्मादाची (मेनिया, म्हणजे मन अति उत्तेजित होण्याचा आजार) शंका घ्या आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: नवरा बाहेर सगळ्यांचा लाडका. घरात मात्र मी काही बोलले की शेवटी माफी मलाच मागावी लागते. असं का होतं?

भांडणाची चाल नीट बघा. तुम्ही म्हणता, ‘काल चारचौघांत माझी चेष्टा केलीस, ते मला आवडलं नाही.’ उत्तर येतं, ‘तुला विनोदच कळत नाही.’ मग, ‘मी एवढं करतो, त्याचं काही नाही!’ मग दोन दिवस अबोला. तोवर चेष्टेचा मुद्दा हवेत विरलेला असतो आणि अबोला मोडायला तुम्हीच पुढे होता. असं एकदा घडलं तर ते भांडण. दर वेळी याच क्रमाने घडत असेल, तर त्याची नोंद ठेवा: तारीख आणि शब्द, दोन ओळींत.

बोलताना एकच प्रसंग घ्या आणि पुढे *तुम्ही* काय करणार ते सांगा: ‘पुन्हा चेष्टा झाली तर मी उठून जाईन.’ आणि खरंच उठा. पोकळ धमकी दिलीत की पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकत नाही. लांबलचक खुलासे टाळा. प्रत्येक वाक्य वादाला नवा धागा पुरवतं. ‘तू नार्सिसिस्ट आहेस’ तर म्हणूच नका, वाद त्या शिक्क्यावरच जाईल.

मारहाण, पैशांची अडवणूक, फोनवर पाळत, माहेरच्यांशी तोडणं यांतलं काही असेल, तर निदानाचा प्रश्न बाजूला ठेवा. आधी सुरक्षितता. अशा वेळी जोडप्याने एकत्र समुपदेशनाला जाऊ नये. तिथे बोललेलं घरी अंगाशी येतं.

प्रश्न: आमचा सहकारी अबोल आणि सतत दुखावलेला असतो. तोही यात मोडतो का?

मोडू शकतो. नार्सिसिझमच्या छुप्या प्रकारात बढाई नसते, कुढणं असतं. न्यूनगंड असलेल्याला वाटतं, ‘मी कमी पडतो’. याला वाटतं, ‘माझी योग्यता कुणाला कळतच नाही.’ सूचना केलीत की आठवडाभर रुसवा, आणि दुसऱ्याचं कौतुक झालं की तो त्याला पाण्यात पाहतो.

प्रश्न: यावर औषध आहे का?

या विकारासाठी खास असं नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर तिच्यावर असतं. मुख्य उपचार मानसोपचाराचा, म्हणजे तज्ज्ञांशी नियमित बोलण्याचा. त्याला बराच काळ लागतो आणि मध्येच सोडून जाणारे बरेच. ही माणसं स्वभावाची तक्रार घेऊन सहसा येत नाहीत. नोकरी गेली, संसार मोडला, मन खचलं की येतात. म्हणून घरच्यांनी दार तिथूनच उघडावं: ‘तुझी झोप उडालीये, एकदा डॉक्टरांशी बोलूया का?’