लग्नाचा विषय आणि नाशिक-पुणे-नाशिक फोन

प्रश्न: ताई, मी ३८ वर्षांची, पुण्यात आयटीत जॉब, एकटी राहते आणि खरं सांगते मजेत राहते. आई-बाबा नाशिकला. लग्नाला माझा विरोध नव्हता पण कांदेपोहे करून करून वैताग आला आणि मी तो विषयच बंद केला. आता दर रविवारी आईचा फोन, सुरुवात स्थळापासून आणि दहाव्या मिनिटाला गाडी बाबांवर, की यांनी वेळेत हातपाय हलवले असते तर ही वेळ आली नसती. मग रात्री बाबांचा वेगळा फोन, तुझी आई नीट जेवत नाहीये, तू तरी समजाव. मावशी म्हणते हिला काउन्सेलरकडे न्या. जाऊ का? मला नेमकं झालंय काय?

उत्तर: तुम्हाला काही झालेलं नाही. गंमत बघा, एका घरात राहणाऱ्या दोघांचे निरोप पुण्याला येतात आणि तिथून परत नाशिकला जातात, आणि पोस्टमन तुम्ही! मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने याला त्रिकोण म्हटलं, दोघांमधला ताण त्यांना पेलेना की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. मला तर वाटतं उद्या तुम्ही बोहल्यावर चढलात तरी फोन येतीलच, फक्त विषय बदलेल, नातवंडं वगैरे.

काउन्सेलरकडे जरूर जा पण एकट्या नको, तिघं जा, आणि अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की फॅमिलीला एकत्र बसवून काम करता का, कारण सगळे करत नाहीत. बरेच जण आधी कागदावर घराचा नकाशा काढतात, पुरुष चौकोन, बाई गोल, भांडण असेल तिथे नागमोडी रेघ. तुमच्या घरात ती रेघ कुठून कुठे जाईल हे आईबाबांनी स्वतः बघायला हवं. आणि पहिल्याच भेटीत कोणी तुम्हाला 'वय निघून चाललंय, ॲडजस्ट करा' म्हणालं तर फी द्या आणि उठा.

बाबा म्हणतील ही परदेशी फॅडं. त्यांना सांगा, १९५०च्या दशकात अमृतसरच्या मेंटल हॉस्पिटलात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या नातेवाइकांना आवारातच तंबूत राहायला बोलावलं होतं.

तोवर रविवारी गाडी बाबांवर आली की एवढंच म्हणा, 'आई, हे तू बाबांशीच बोल ना.' सुरुवातीला रुसवेफुगवे होणार, होऊ देत.

एक मात्र, 'आमच्यानंतर तुझं कोण' ही आईची भीती हसण्यावारी नेऊ नका, ती खरी आहे. तिला कागद दाखवा, मेडिक्लेम, नॉमिनी, मृत्युपत्र. मानसिक आरोग्याच्या २०१७च्या कायद्यात तर मानसिक आजाराच्या उपचारात आपल्या वतीने कोण बोलणार हे साध्या कागदावर सही करून ठरवता येतं, ती व्यक्ती सज्ञान आणि तयार हवी, नातेवाईकच पाहिजे असं नाही, मैत्रीणही चालते.

प्रश्न: आम्ही दोघं संमतीने वेगळं होतोय, मुलगी नऊ वर्षांची. फॅमिली कोर्टात समुपदेशक असतातच ना, मग बाहेर पैसे कशाला घालवायचे?

उत्तर: दोन्हींचं काम वेगळं. कौटुंबिक न्यायालयाच्या १९८४च्या कायद्याचा भर समेटावर आहे, त्यामुळे तिथले समुपदेशक आधी तडजोड होते का हे बघणार, नाहीतर ताबा, पोटगी यावर बोलणार, आणि केसेसची रांग एवढी असते की फार वेळ मिळेल ही अपेक्षा नको. बाहेरचा थेरपिस्ट तुम्हाला पुन्हा एकत्र आणण्याच्या मागे नसतो. मुलीला कोणी, कधी, काय सांगायचं, शनिवारी ती कुठे, नव्या घरी तिचं कपाट कोणतं, हे तिथे ठरवा. आणि सांगताना दोघं एकत्र बसून सांगा, आजीने आधी फोडलं तर पंचाईत.