खर्च नोंदवायला कोणतं अ‍ॅप घ्यावं?

"मॅडम, खर्च लिहायला एखादं चांगलं अ‍ॅप सांगा ना." माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. पगार होतो, पंधरा तारखेनंतर ओढाताण सुरू होते, पैसे गेले कुठे ते कळत नाही आणि त्यावरून घरात खटके उडतात. अशाच एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती खासगी रुग्णालयात परिचारिका, तो कारखान्यात सुपरवायझर. घरी त्याची आई आणि दोन मुलं. त्याने दोघांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकलं होतं. बँकेचे एसएमएस वाचून ते आपोआप खर्च मांडायचं. महिनाअखेरीस त्याने तिच्या फोनवरचा रंगीत तक्ता तिच्यापुढे धरला. "हे 'इतर'मध्ये पाच हजार कसले?" तिने एटीएममधून काढलेले ते पैसे. त्यातून भाजी, दूध, कामवाल्या मावशींचा पगार, सासूबाईंची औषधं झाली होती. अ‍ॅपला दिसली एकच ओळ. तो पेट्रोलपासून चहापर्यंत सगळं क्यूआर कोडवर देणारा, त्यामुळे त्याचा हिशेब चोख दिसत होता. "मला चोर ठरवल्यासारखं वाटलं," असं म्हणताना तिला रडू फुटलं.

आम्ही तिघांनी बसून ते अ‍ॅप उघडून बघितलं. त्याचाही हिशेब चोख नव्हताच. क्रेडिट कार्डावरची खरेदी एकदा आणि कार्डाचं बिल भरलं तेव्हा पुन्हा, असा एकच खर्च दोनदा धरला होता. यूपीआय लाइटमधून, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायच्या यूपीआयच्या पाकिटातून, दिलेले छोटे पैसे तर सुटेच दिसत नव्हते, कारण बँकेच्या खात्यात फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद होते. शिवाय काही बँकांनी लहान रकमांच्या यूपीआय व्यवहारांचे एसएमएस पाठवणंच थांबवलंय. वर त्या अ‍ॅपने फोनमधल्या संपर्कयादीचीही परवानगी घेतली होती आणि पहिल्याच पानावर झटपट कर्जाची जाहिरात होती. खर्च मोजणाऱ्या अ‍ॅपला आपली संपर्कयादी कशाला हवी? कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनाही रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच ती वाचायला मनाई केली आहे.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात रोख खर्च बराच होतो आणि पैशांवरून आधीच संशय आहे, तिथे एसएमएस वाचणारं अ‍ॅप भांडण वाढवतं. तिथे हाताने नोंद करायचं साधं अ‍ॅप घ्यावं: इंटरनेटशिवाय चालणारं, पिन लावता येणारं आणि नोंदी एक्सेलमध्ये काढून देणारं. एकटी राहणारी, सगळं कार्ड-यूपीआयवर भागवणारी मुलगी विचारायला आली, तर तिला मी आपोआप नोंदवणारं घे म्हणेन. पण तेही अकाउंट अ‍ॅग्रीगेटरमार्फत, म्हणजे आपल्या संमतीने बँकेकडून माहिती आणून देणाऱ्या, रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीमार्फत, माहिती घेणारं. २०२१ पासून सुरू असलेल्या या सोयीत कोणत्या खात्याची माहिती, कशासाठी आणि किती काळ द्यायची, हे आपण ठरवतो आणि संमती मागेही घेता येते.

"हाताने कोण लिहीत बसणार?" तो म्हणाला. म्हणून नोंदीसाठी खर्चाचे प्रकार सहाच ठेवले. जो पैसे देईल त्याने तिथेच, भाजीवाल्यापुढे उभं असतानाच नोंद करायची. दोघांनाही सारखा हातखर्च ठरवला. हातखर्चाची एकच रक्कम लिहायची आणि तो कुठे गेला हे एकमेकांना विचारायचं नाही. या अटीवर तो बराच वेळ गप्प होता. तिचा चेहरा मात्र पहिल्यांदा सैलावला. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी मिळून नोंदी बघायच्या, एकट्याने नाही. जुनं अ‍ॅप काढण्याआधी त्यातलं खातं बंद करून माहिती पुसायची विनंती करायलाही सांगितलं. फोनवरून अ‍ॅप काढलं तरी कंपनीकडची माहिती तशीच राहते.

काही महिन्यांनी दोघं पुन्हा आले ते मुलांच्या शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि गाडीचा विमा यांचे आकडे घेऊन. खड्डा भाजीत नव्हता आणि चहातही नव्हता. वर्षातून एकदा येणारे हे खर्च पगारातून ओढून काढले जात होते आणि पुढचे दोन-तीन महिने कार्डावर ढकलले जात होते. त्यांची बेरीज करून बाराने भागली आणि तेवढ्या रकमेचं आरडी खातं दोघांच्या नावावर उघडायचं ठरलं. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापला जाईल, ही सूचना तिची होती.